संशय म्हणजे सिद्धता नव्हे

समजा, तुम्ही सी भाषेत एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. दोन संख्या विचारायच्या, त्यांचा मसावि काढायचा आणि पडद्यावर दाखवायचा, एवढेच त्याचे काम. कंपायलरने एकही चूक दाखवली नाही. आता तो चालवून पाहावा, तोच पडद्याच्या कोपऱ्यात चौकट उघडते : 'धोका आढळला. फाइल काढून टाकली आहे.' फोल्डर उघडून पाहता, तो प्रोग्रॅम खरोखरच गायब! पुन्हा कंपाइल केला, तरी तेच.

जगभरातील नवशिक्या आणि मुरलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या प्रोग्रॅमरांना हा अनुभव येत असतो. शाळेच्या संगणक कक्षात तो आला, तर पुढचा प्रश्न ठरलेला : "काय रे, पेनड्राइव्हमधून काय घेऊन आलास?" ज्याने मसाविपलीकडे काहीही केलेले नाही, त्याच्यावर एका यंत्राच्या साक्षीवरून आळ येतो. अशा वेळी त्या साक्षीची किंमत किती, हे शांतपणे पाहिले पाहिजे.

या बाबतीत माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. अँटिव्हायरसचा इशारा हा संशय असतो, निकाल नव्हे. तो तपासल्याशिवाय मानू नये, आणि तपासल्याशिवाय झटकूनही टाकू नये. शिवाय या तपासणीचा सगळा भार आज चुकीच्या खांद्यांवर पडतो आहे.

पहारेकरी हवाच

प्रथम एक गोष्ट स्पष्ट असू द्या. अँटिव्हायरस नको, असे मला मुळीच म्हणायचे नाही. १९८२ साली अमेरिकेतील रिच स्क्रेंटा या पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलाने गंमत म्हणून ॲपल-२ संगणकासाठी 'एल्क क्लोनर' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. तो एका फ्लॉपीवरून दुसऱ्या फ्लॉपीवर आपोआप पसरत असे. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा विषाणू आयबीएम पद्धतीच्या संगणकांत पसरला आणि देशोदेशी पोहोचला. हे दोन्ही विषाणू पुढे आलेल्यांच्या मानाने गरीबच म्हणायचे. नंतरचे विषाणू फाइली पुसू लागले, परवलीचे शब्द चोरू लागले, आणि फाइली कुलूपबंद करून खंडणीही मागू लागले. त्यांना अडवण्यासाठी जगभर अँटिव्हायरस तयार झाले. आपल्या पुण्यातही १९९० च्या दशकात कैलास आणि संजय काटकर या बंधूंनी संगणक-दुरुस्तीच्या व्यवसायातून 'क्विक हील' उभे केले. तेव्हा पहारेकरी हवाच. पण तो चोर ओळखतो कसा, हे घरमालकाला ठाऊक असायला हवे.

चोर ओळखण्याच्या तीन रीती

पहिली रीत खुणेची. प्रत्येक प्रोग्रॅम म्हणजे शेवटी अंकांची एक लांबलचक रांग. विषाणू सापडला, की तज्ज्ञ त्या रांगेतील एखादा वैशिष्ट्यपूर्ण तुकडा निवडतात आणि आपल्या यादीत नोंदवतात. तो तुकडा ज्या फाइलीत दिसेल, ती फाइल दोषी! ही रीत किती यांत्रिक आहे, ते एका गमतीदार उदाहरणावरून कळेल. 'आयकार' या युरोपीय संस्थेच्या नावाने ओळखली जाणारी ६८ अक्षरांची एक चाचणी-फाइल आहे. ती पूर्ण निरुपद्रवी आहे. तरी अँटिव्हायरसने ती पाहताच ओरडायचे, असा संकेत कंपन्यांनी आपसांत ठरवला आहे. पहारेकरी जागा आहे की झोपला आहे, हे पाहण्यासाठी तिचा उपयोग होतो. म्हणजे ओरडण्यासाठी फाइल धोकादायक असायलाच हवी असे नाही. खूण जुळली, की पुरे.

दुसरी रीत अदमासाची. नवा विषाणू यादीत नसतो. मग त्याच्या लक्षणांवरून तर्क करावा लागतो. हा प्रोग्रॅम कळफलकावरील प्रत्येक कळ टिपतो का? दुसऱ्या प्रोग्रॅमच्या स्मृतीत लिहितो का? संगणक सुरू होताच आपणही सुरू व्हावे, अशी सोय करतो का? स्वतःला आवळून बांधून ठेवतो का? अशा लक्षणांना गुण देऊन बेरीज करतात, आणि ती ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, की इशारा. अलीकडे हे गुण ठरवण्याचे काम लाखो नमुन्यांवर शिकवलेल्या यंत्रप्रणालींकडे दिले जाते. अडचण एवढीच, की ही लक्षणे साव माणसातही असतात. टंकलेखन शिकवणारा प्रोग्रॅम कळा टिपणारच! यूपीएक्स नावाचे एक साधन ईएक्सई फाइलचा आकार कमी करते. जागा वाचवण्यासाठी ते सज्जनही वापरतात आणि ओळख लपवण्यासाठी विषाणू लिहिणारेही.

तिसरी रीत ओळखीची. ही फाइल किती संगणकांवर दिसली आहे? किती दिवस वापरात आहे? तिच्यावर कोणा ज्ञात प्रकाशकाची डिजिटल सही आहे का? लाखो लोक वापरतात ती फाइल चांगली असावी, आणि कधीच न दिसलेली फाइल जपून हाताळावी, असा हा हिशेब. आता विचार करा, तुमचा मसाविचा प्रोग्रॅम जगात आणखी कोणाकडे असणार? तो आत्ताच तर जन्मला आहे!

कंपायलरचा शिक्का

तरीही प्रश्न उरतोच. पंचवीस ओळींच्या प्रोग्रॅममध्ये विषाणूची खूण आली कोठून?

कंपायलर तुमच्या पंचवीस ओळींचे यंत्रभाषेत रूपांतर करतो. पण ईएक्सई फाइलीत फक्त तुमच्या ओळी नसतात. प्रोग्रॅम सुरू करणारा भाग, छपाई करणारा भाग, स्मृतीची व्यवस्था पाहणारा भाग, असे कितीतरी तयार भाग त्यात जोडले जातात. गो या भाषेत तर एक वाक्य छापणाऱ्या प्रोग्रॅमची फाइलही एक मेगाबाइटहून मोठी होते, कारण त्या भाषेचा सारा संसार प्रत्येक फाइलीबरोबर जातो. पायथनचा प्रोग्रॅम पायइन्स्टॉलर वापरून ईएक्सई केला, तर त्याच्या सुरुवातीला जोडला जाणारा भाग सगळ्यांच्या फाइलीत सारखाच असतो.

एकाच कारखान्यात शिवलेला गणवेश शाळेतील शंभर मुलांनी घातला आणि त्यातल्या एकाने खिडकीची काच फोडली, तर शिपायाने काय लक्षात ठेवावे? मुलाचा चेहरा. पण त्याने गणवेशाचा रंगच टिपून ठेवला, तर शंभरही मुले पकडली जातील. विषाणू लिहिणारेही गो, पायथन आणि सी हीच साधने वापरतात. खूण निवडताना त्यांच्या लबाडीच्या भागाऐवजी कंपायलरचा सामाईक भाग निवडला गेला, की त्या कंपायलरचे सारे निरपराध ग्राहक संशयित ठरतात. गो भाषेच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत या तक्रारीला स्वतंत्र उत्तर द्यावे लागले आहे. असे इशारे विंडोजवर वारंवार येतात आणि ते जवळजवळ नेहमी खोटे असतात, असे तेथे म्हटले आहे. जी साधने कमी प्रचलित, त्यांची बांधणी पहारेकऱ्याला अनोळखी. अनोळखी म्हणून संशयास्पद!

परिपूर्ण पहारेकरी का नाही?

कोणी म्हणेल, 'मग कंपन्यांनी अधिक हुशार अँटिव्हायरस करावा.' करावाच. पण कधीही न चुकणारा अँटिव्हायरस तयार होणे गणितानेच अशक्य ठरवले आहे. ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये दाखवून दिले, की कोणताही प्रोग्रॅम थांबेल की अखंड चालत राहील, हे अचूक सांगणारी सर्वसाधारण रीत असू शकत नाही. त्याच जातीचा युक्तिवाद अमेरिकन संशोधक फ्रेड कोहेन यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधात विषाणूंना लावला. तो इतका सोपा आहे, की तुम्हालाही वहीत करून पाहता येईल.

समजा, 'निर्णायक' नावाचा एक प्रोग्रॅम आहे. तो कोणत्याही प्रोग्रॅमबद्दल 'हा विषाणू आहे' किंवा 'नाही' असे नेहमी अचूक सांगतो. आता आपण 'खोडकर' नावाचा प्रोग्रॅम लिहू. खोडकर सुरू झाला, की तो निर्णायकाला स्वतःबद्दलच विचारतो. 'तू विषाणू आहेस' असे उत्तर आले, तर खोडकर काहीच न करता थांबतो. 'तू विषाणू नाहीस' असे उत्तर आले, तर तो पसरू लागतो. आता निर्णायकाने काय उत्तर द्यावे? 'विषाणू' म्हटले, तर तो निरुपद्रवी ठरतो. 'नाही' म्हटले, तर तो विषाणू ठरतो. दोन्ही उत्तरे चूक! म्हणजे असा निर्णायक असूच शकत नाही.

याचा व्यवहारातील अर्थ असा, की प्रत्येक अँटिव्हायरस कोठे ना कोठे चुकणारच. काही चोर सुटतील, काही साव पकडले जातील. पहारा कडक केला, की पहिली चूक कमी होते आणि दुसरी वाढते.

थोडा हिशेब

ही दुसरी चूक किती मोठी असू शकते, हे एका काल्पनिक हिशेबाने पाहू. एक अँटिव्हायरस १०० विषाणूंपैकी ९९ पकडतो, आणि १००० निरुपद्रवी फाइलींपैकी फक्त एकीवर खोटा आळ घेतो, असे धरा. कोणीही म्हणेल, वा, उत्तम! आता त्याला १,००,००० फाइली तपासायला द्या. त्यांत विषाणू १०० आणि निरुपद्रवी ९९,९००. तो ९९ विषाणू पकडेल. आणि खोटे आळ? ९९,९०० चा हजारावा भाग, म्हणजे सुमारे १००. एकूण इशारे जवळजवळ २००, त्यांतील निम्मे खोटे!

असे का झाले? कारण निरुपद्रवी फाइलींची संख्याच प्रचंड आहे. दुर्मीळ रोगाच्या चाचणीबाबत डॉक्टर हेच सांगतात, की एका चाचणीवरून रोग पक्का ठरवू नका. पहारेकरी किती चांगला, एवढे पाहून भागत नाही. गावात चोर किती, हेही पाहावे लागते.

मोठ्यांची चूक, लहानांची चूक

खोटे इशारे फक्त हौशी प्रोग्रॅमरांनाच भोवतात असे नाही. मे २००७ मध्ये सिमँटेकच्या अँटिव्हायरसने चिनी भाषेतील विंडोज एक्सपीच्या दोन मूळ फाइलींनाच विषाणू ठरवले. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या नव्या अद्यतनाने विंडोज एक्सपीमधील 'एसव्हीसी-होस्ट' या अत्यावश्यक फाइलीवर आळ घेतला. असंख्य संगणक पुनःपुन्हा बंद-चालू होत राहिले. अमेरिकेत रुग्णालयांचे काम विस्कळित झाले, ऑस्ट्रेलियात एका मोठ्या दुकान-साखळीची काही दुकाने बंद ठेवावी लागली. सप्टेंबर २०१२ मध्ये तर सोफोसच्या अँटिव्हायरसने स्वतःच्याच अद्यतन करणाऱ्या फाइलींना धोकादायक ठरवले. पहारेकऱ्याने आपल्याच हाताला बेडी घातली म्हणायची!

पण या घटनांतील एक गोष्ट लक्षात घ्या. मॅकॅफीने ते अद्यतन काही तासांतच मागे घेतले आणि माफीही मागितली. कारण ओरडणारे पुष्कळ होते आणि मोठे होते. तुमचा मसाविचा प्रोग्रॅम पुसला गेला, तर ओरडणारे किती? एक. चूक तीच, पण मोठ्याची चूक दुरुस्त होते आणि लहानाची राहून जाते. डिजिटल सहीसाठी लागणारे प्रमाणपत्र मिळवायला पैसे मोजावे लागतात. ते कंपनीला परवडते, नववीतल्या मुलाला किंवा फुकट प्रोग्रॅम वाटणाऱ्या एखाद्या हौशी शिक्षकाला परवडत नाही. 'चोर सोडून संन्याशाला सुळी' अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे चोर सोडलेला नसतो. पण संन्याशाची दाद घेणारे कोणी नसते, हे मात्र खरे. जे नवीन, लहान आणि अनोळखी, त्यांच्यावरच निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार टाकणे मला न्यायाचे वाटत नाही.

'पुष्कळ जण सांगतात' म्हणून?

'एका नव्हे, पाच-सहा अँटिव्हायरसनी दोषी ठरवले आहे; मग खरेच असणार', असे कोणी म्हणेल. व्हायरसटोटल नावाची सेवा आहे. २००४ मध्ये स्पेनमध्ये सुरू झालेली ही सेवा २०१२ मध्ये गूगलने घेतली. तिला फाइल दिली, की ती अनेक अँटिव्हायरसची मते एकत्र दाखवते. सेवा उपयोगी आहे. पण तेथील साक्षीदार एकमेकांपासून स्वतंत्र असतात का?

कॅस्परस्की या कंपनीने २०१० मध्ये एका प्रयोगाची माहिती जाहीर केली. तिने २० निरुपद्रवी फाइली तयार केल्या, त्यांतील १० वर मुद्दाम विषाणूचा खोटा शिक्का मारला आणि त्या व्हायरसटोटलला दिल्या. दहा दिवसांनी पाहिले, तो त्या दहांवर इतरही कंपन्यांनी शिक्के मारलेले, काही फाइलींवर तर चौदापर्यंत! म्हणजे काही साक्षीदारांनी चोर पाहिला नव्हता. शेजाऱ्याचे ऐकून मान डोलावली होती. विज्ञानात दहा प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे मोजले, तर त्याला वजन असते. एकीचे मोजमाप नऊ जणींनी उतरवून घेतले, तर ते एकच मोजमाप राहते.

पण घाई नको!

इतके वाचून कोणी म्हणेल, 'चला, मग अँटिव्हायरस बंद करून टाकू. मीच लिहिलेला प्रोग्रॅम, त्यात विषाणू कुठून येणार?' थांबा! येऊ शकतो.

ऑगस्ट २००९ मध्ये 'इंडक' नावाचा विषाणू उजेडात आला. तो डेल्फी या प्रोग्रॅमिंग साधनाच्या काही जुन्या आवृत्त्यांमधील एका तयार भागातच शिरून बसे. त्यानंतर त्या संगणकावर कंपाइल केलेला प्रत्येक प्रोग्रॅम विषाणू घेऊनच जन्माला येई. लिहिणारा प्रामाणिक, त्याने लिहिलेली ओळ न् ओळ स्वच्छ, तरीही फाइल बाधित! अशा प्रोग्रॅमरला अँटिव्हायरसचा इशारा खोटा वाटणे किती साहजिक, आणि तो इशारा मात्र खरा. लांडगा आला रे आला, या गोष्टीत शेवटी लांडगा खरोखरच येतो, हे विसरून चालणार नाही.

म्हणूनच दोन्ही टोके चूक. यंत्र म्हणते म्हणून दोषी, हे चूक. आणि मी लिहिले म्हणून निर्दोष, हेही चूक. उरतो तो एकच मार्ग, तपासण्याचा.

तपासावे कसे?

इशारा आला, की शिक्षकांना सांगून पुढील क्रमाने जा.

१. इशाऱ्यात दिलेले विषाणूचे नाव जसेच्या तसे वहीत उतरवा. नावात 'जेन', 'ह्यूर' किंवा 'एमएल' यांसारखी अक्षरे असतील, तर तो बहुधा अदमास आहे, नेमकी ओळख नव्हे.

२. त्याच कंपायलरने काहीही न करणारा रिकामा प्रोग्रॅम कंपाइल करा. त्यावरही इशारा आला, तर दोष तुमच्या ओळींत नाही. एक तर कंपायलरच्या सामाईक भागावर खोटा आळ आहे, नाही तर ते साधनच बाधित आहे.

३. या दोहोंतील कोणते, हे ठरवण्यासाठी दुसऱ्या स्वच्छ संगणकावर, निर्मात्याच्या मूळ ठिकाणाहून घेतलेला तोच कंपायलर बसवून तेच मूळ लिखाण पुन्हा कंपाइल करा. तेथे इशारा नाहीसा झाला आणि अँटिव्हायरस मात्र तोच असला, तर पहिल्या संगणकाची कसून तपासणी व्हायला हवी.

४. रिकामा प्रोग्रॅम सुटला आणि तुमचा अडकला, तर तुमच्या प्रोग्रॅमचा निम्मा भाग काढून पाहा. मग उरलेल्याचा निम्मा. असे करत नेमक्या कोणत्या ओळींमुळे संशय येतो, ते सापडेल. फाइल आवळण्याचे साधन वापरले असेल, तर ते सोडून पाहा.

५. इशारा खोटा आहे अशी खात्री झाली, तर त्या कंपनीला कळवा. अशा तक्रारींसाठी बहुतेक कंपन्यांनी सोय ठेवलेली असते. मात्र व्हायरसटोटलला दिलेली फाइल इतरांच्याही हाती जाते, म्हणून खासगी माहिती असलेली फाइल तेथे देऊ नका.

६. अँटिव्हायरस बंद करू नका. फारच अडले, तर शिक्षकांच्या परवानगीने तुमच्या कामाचा तेवढा एकच फोल्डर तपासणीतून वगळा.

हे सहा टप्पे नीट पाहा. निरीक्षण नोंदवणे, एका वेळी एकच गोष्ट बदलणे, तुलनेसाठी रिकामा नमुना ठेवणे, दुसऱ्या ठिकाणी प्रयोग पुन्हा करणे! रसायनशास्त्राच्या तासाला आपण जे शिकतो, तेच हे. परीक्षानळीच्या जागी फाइल आहे, इतकेच.

कोणी काय करावे?

कंपन्यांकडून माझ्या तीन अपेक्षा आहेत. पहिली, इशारा देताना कारण सांगा आणि खात्री किती, तेही सांगा. 'खूण जुळली' आणि 'अनोळखी आहे म्हणून शंका' या दोन गोष्टींना एकच लाल चौकट नको. दुसरी, केवळ शंका असताना फाइल नष्ट करू नका. बाजूला ठेवा आणि मालकाला विचारा. तिसरी, तक्रार करणारा लहान असला, तरी त्याला उत्तर द्या.

शिक्षकांना विनंती अशी, की लाल चौकट दिसताच विद्यार्थ्याला दोषी धरू नये. त्याच्याबरोबर बसून वरील रिकामा प्रोग्रॅम कंपाइल करून पाहावा. पंधरा मिनिटांचे काम आहे. आळ आलेला मुलगा त्या पंधरा मिनिटांत एक तर पुराव्याने मोकळा होईल, नाही तर शाळेचा बाधित संगणक शोधून दिल्याबद्दल शाबासकीला पात्र ठरेल. दोन्हींत शाळेचा फायदाच आहे.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही पुढे जाल त्या जगात अशा यंत्रांची संख्या वाढतच जाणार आहे. कर्ज मागणारा विश्वासू आहे की नाही, पत्र खरे आहे की फसवे, परीक्षेतील उत्तर स्वतःचे आहे की उतरवलेले, असे अंदाज यंत्रे आजच बांधू लागली आहेत. त्या प्रत्येक ठिकाणी कोणीतरी निरपराध अडकणारच. हिशेब आपण वर केलाच आहे. तेव्हा यंत्राने बोट दाखवले, की 'कशावरून?' हा प्रश्न विचारण्याची सवय आत्ताच, आपल्या पंचवीस ओळींच्या प्रोग्रॅमपासून लावून घ्या.